आवड आणि निवड : लघुनिबंधातील ‘मी’ आणि शिरूर-दौंडमधील दोन स्वर

१

लघुनिबंधाविषयीच्या मराठी समीक्षेत ‘लेखकाच्या व्यक्तिगत आवडीनिवडी’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे, की त्यात दोन शब्द आहेत आणि ते परस्परांहून भिन्न आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. आवड ही मनाची ओढ असते. निवड ही कृती असते आणि तिच्यासाठी समोर एकाहून अधिक पर्याय असावे लागतात. ‘निवडणे’ या क्रियापदाचा घरगुती अर्थ तर याहून जुना व ठोस आहे. धान्य निवडणे म्हणजे खडे, माती, किडके दाणे बाजूला काढणे. ज्याच्या घरात धान्य आहे त्यालाच ते निवडता येते. आवड मात्र रिकाम्या घरातही असू शकते. आवड असूनही निवड नसणे आणि निवड असल्यामुळे आवडीचे कौतुक करता येणे, या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत. परंतु जोडशब्दाच्या सवयीने त्या एकच वाटू लागतात.

दैनंदिन जीवनातील आवडी, नावडी व आठवणी यांना वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय वाङ्मयेतिहासाने ना. सी. फडके, वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांच्या लघुनिबंधाला दिले आहे. १९२६ च्या सुमारास ‘रत्नाकर’ मासिकातून फडक्यांच्या गुजगोष्टी येऊ लागल्या. पुढे काणेकरांचे ‘पिकली पाने’ १९३४ मध्ये आणि खांडेकरांचे ‘वायुलहरी’ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. या लेखनाने मराठी गद्याला उपदेशाच्या व वादविवादाच्या ओझ्यातून मोकळे केले, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो या प्रकाराच्या आधारे पुढे तयार झालेल्या निकषांचा. खेळकरपणा, सहजता, निर्हेतुकता, आत्मप्रकटीकरण आणि वाचकाशी साधलेली जवळीक हे गुण लघुनिबंधाचे विशेष म्हणून सांगितले गेले. आणि हळूहळू ‘व्यक्तिगत’ अशा कोणत्याही लेखनाचे मोजमाप त्याच गुणांनी होऊ लागले. या मापात न बसणारे आत्मपर उद्गार मग चरित्रसाधन, धर्मप्रचार किंवा लोकसाहित्य अशा निरनिराळ्या कप्प्यांत गेले.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांशी निगडित असलेल्या दोन स्वरांच्या आधारे हे निकष तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. पहिला स्वर दौंड तालुक्यातील केडगाव येथे स्थिरावलेल्या पंडिता रमाबाईंच्या आत्मपर लेखनाचा आहे. दुसरा, शिरूर तालुक्यातील गावांमधून संकलित झालेल्या जात्यावरच्या ओव्यांचा आहे.

२

हा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठची गावे सोडली, तर बाजरी-ज्वारीचे पीकही येथे दीर्घकाळ पावसाच्या मर्जीवर अवलंबून राहिले. अलीकडच्या दशकांत कालव्यांमुळे ऊस आला, रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आल्या. परंतु ज्या काळातील उद्गारांचा येथे विचार करायचा आहे, त्या काळावर दुष्काळाची छाया आहे.

येथील दैनंदिन जीवनाच्या नोंदी मात्र पुष्कळ आणि फार जुन्या आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या कालखंडातील शेतकऱ्यांची वस्ती त्यातून उजेडात आली. घरांच्या जमिनी, चुली, धान्य साठवण्याच्या जागा, रंगीत मडकी हे सारे मिळाले. घराच्या जमिनीखाली, दोन कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून त्यांत पुरलेली लहान मुलेही मिळाली. मेलेले मूल गावाबाहेर न नेता घरातच ठेवावेसे वाटणे यामागे कोणती भावना वा श्रद्धा होती, हे ती मडकी सांगू शकत नाहीत. दुसरी नोंद सरकारी आहे. १८७५ साली सुपे येथे सावकारांविरुद्ध उद्रेक झाला, तेव्हा सुपे भीमथडी तालुक्यात होते आणि आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा भाग त्याच तालुक्यात मोडत होता. भीमथडी आणि शिरूर हे या उद्रेकाचे मुख्य क्षेत्र होते. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने कर्ज, व्याज, गहाणखते आणि कुणब्यांचा खर्च यांची तपशीलवार चौकशी केली. कुणबी काय खातो, लग्नात किती खर्च करतो, हे त्या कागदांत येते. त्याला काय आवडते, हे येत नाही.

या दोन्ही नोंदी मौलिक आहेत. तरीही त्यांत ‘मी’ नाही. दैनंदिन जीवनाची नोंद आणि दैनंदिन जीवनाचा उद्गार यांतील हे अंतर आहे. ते ओलांडण्यासाठी केवळ तपशील पुरेसा नसतो. कोणाला तरी उद्देशून बोलणारी व्यक्ती असावी लागते. लघुनिबंधाच्या चर्चेत या ‘कोणाला तरी’चा विचार पुरेसा झालेला नाही. गुजगोष्ट या संज्ञेतच तो अंतर्भूत आहे. गुज हे जवळच्याला सांगायचे असते. फडक्यांच्या लघुनिबंधाचा वाचक हा निवेदकाचा मित्र असतो. तो त्याच्याच भाषेत बोलणारा, त्याच्याइतकाच फुरसतीचा आणि बहुधा त्याच्याच वर्गातला असतो. त्यामुळे निवेदकाला आपल्या आवडीचे समर्थन करावे लागत नाही. एखादी क्षुल्लक वस्तू आपल्याला का आवडते, हे सांगताना तो गमतीने जी कारणे देतो, ती न दिली तरी चालण्यासारखी असतात. निवड त्याच्यापाशी आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून ती दिसत नाही आणि आवड तेवढी दिसते.

३

पंडिता रमाबाईंच्या लेखनात याच्या नेमके उलट घडते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांत गेले. १८७० नंतरच्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन स्थापन केले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनेक निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना केडगावच्या जमिनीवर आणावे लागले आणि तेथेच मुक्ती ही संस्था वाढली. १९२२ साली केडगावलाच त्यांचे निधन झाले.

दुष्काळातील अनुभवांविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या निवेदनात एक प्रसंग आहे. आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि घरात अन्न नाही. मुलगी शेजारणीकडे जाते, पण मागण्याचा शब्द तिच्या तोंडून निघत नाही. शेजारीण ओळखते आणि तुला काही खायला हवे का, असे विचारते. मुलगी सांगते की आईसाठी थोडे हवे आहे. मिळालेला घास घेऊन ती धावत परतते, पण आईला तो खाता येत नाही; काही दिवसांनी आई जाते.

या प्रसंगाचे वाङ्मयीन स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रश्न ‘तुला’ हवे का असा आहे आणि उत्तर ‘आईला’ असे आहे. ‘मी’च्या इच्छेविषयी थेट विचारणा होते, त्या क्षणी ती इच्छा दुसऱ्याच्या नावाने बोलते. ही भूक लपवण्याची धडपड आहे आणि मानाचीही आहे. लघुनिबंधाच्या निकषांनी पाहिल्यास येथे आत्मप्रकटीकरण कमी आहे, कारण निवेदिका स्वतःच्या भुकेविषयी काहीच सांगत नाही. वस्तुतः न सांगण्यातूनच ती प्रकट होते. शिवाय ही आठवण कोणत्या प्रयोजनाने लिहिली गेली, तेही महत्त्वाचे आहे. दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी साहाय्य मागताना, या मुलींची स्थिती आपल्याला का कळते, याचा पुरावा म्हणून ती दिली आहे. येथे वाचक मित्र नाही. तो ज्याच्यापुढे कैफियत मांडायची असा दूरचा, साधनसंपन्न आणि बहुधा परदेशी आहे. म्हणून आठवणीला साक्षीचे रूप येते. रमाबाईंचे १९०७ मधील आत्मनिवेदनही साक्ष या नावानेच ओळखले जाते. साक्षीत आवडीचे कौतुक संभवत नाही. तेथे प्रत्येक निवडीचा जबाब द्यावा लागतो.

रमाबाईंच्या ठिकाणी निवड हीच केंद्रस्थानी कशी येते, याची आणखी दोन उदाहरणे देता येतील. इंग्लंडमधील वास्तव्यात, १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतरही, त्यांनी शाकाहार आणि खाण्यापिण्याचे आपले नेम सोडले नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांना हे जातीच्या अभिमानाचे अवशेष वाटले. त्यावर रमाबाईंनी जी पत्रे लिहिली, ती १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या पत्रसंग्रहात उपलब्ध आहेत. आपण पूर्वजांच्या चालीरीती शक्य तितक्या पाळू इच्छितो आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागण्याची गरज नाही, असा त्यांचा सूर आहे. ताटातील पदार्थ हा तेथे रुचीचा विषय राहत नाही. धर्म बदलला तरी माणूस कोणाच्या ताब्यात जात नाही, हे सांगण्याचे ते साधन होते. लघुनिबंधकाराला जे ‘मला हे आवडत नाही’ एवढ्यावर सोडता येते, त्यासाठी रमाबाईंना वाद करावा लागतो.

दुसरे उदाहरण भाषेचे आहे. केडगावच्या वास्तव्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेले आणि रमाबाईंच्या निधनानंतर पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. या भाषांतरात त्यांनी संस्कृतप्रचुर आणि वेदान्ताच्या संस्कारांचे शब्द टाळून साधी, बोलीला जवळची मराठी वापरण्याचा आग्रह धरला. ज्या व्यक्तीला संस्कृतवरील प्रभुत्वाबद्दल १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ही बिरुदे मिळाली, तिने हे करावे यात निवडीचा अर्थ सामावला आहे. संस्कृतची आवड सुटली असे मानण्याचे कारण नाही. केडगावच्या बायकांना कळेल असा शब्द निवडण्यासाठी ती आवड बाजूला ठेवली गेली. येथे धान्य निवडण्याचा अर्थच अधिक लागू पडतो. जे बाजूला काढले जाते तेही आपल्याच घरचे असते.

४

जात्यावरच्या ओवीत तिसरी स्थिती दिसते. साने गुरुजी, सरोजिनी बाबर यांच्यापासून ओव्यांच्या संकलनाची परंपरा मराठीत आहे. त्यांत हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी १९८० नंतर पुण्यातून उभे केलेले संकलन सर्वांत विस्तृत आहे. हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळवल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील पुष्कळशा ध्वनिमुद्रित झाल्या आणि २०१७ पासून हा संग्रह संगणकाच्या माध्यमातून सर्वांना खुला होऊ लागला. शिरूर तालुक्यातील सविंदणे हे या संग्रहातील गावांपैकी एक होय.

ओवी गाणाऱ्या स्त्रीच्या प्रत्यक्ष आयुष्यात निवडीला फारसा वाव नसे. लग्न कोणाशी, कोणत्या गावात, माहेरी केव्हा जायचे, ताटात काय आणि केव्हा, यांपैकी बहुतेक गोष्टी इतरांनी ठरवलेल्या असत. पहाटे उठून दळणे हीदेखील तिची निवड नव्हती. परंतु त्या दळणाच्या वेळी, जात्याच्या खुंट्याला धरून बसलेल्या दुसऱ्या बाईला किंवा खुद्द जात्यालाच उद्देशून ती जे गाते, त्यात आवड, नावड आणि आठवण यांचा मोठा साठा आहे. भावाच्या येण्याची वाट, माहेरची वाट, आईची माया, मुलाचे कौतुक, लेकीला निरोप, भावजयीचा दुजाभाव, पंढरीची ओढ, बाबासाहेबांविषयीचा अभिमान हे त्याचे परिचित विषय आहेत.

येथे आवडीचे व्याकरण बदलते. तिला स्वतःला कोणता पदार्थ आवडतो, हे ओवी सहसा सांगत नाही. भाऊ आला तर त्याच्यासाठी काय रांधायचे, हे ती तपशिलाने सांगते. नवरा किंवा भाऊ यांच्या नावाऐवजी येणारे ‘हौशा’, ‘हवशा’ यांसारखे शब्द या दृष्टीने बोलके आहेत. हौस ही गाणारणीची असते, पण विशेषण होऊन ती दुसऱ्याच्या अंगावर जाते. नावडीचेही तसेच आहे. सासुरवासाविषयीची तक्रार थेट ‘मला हे सोसवत नाही’ अशी न येता आईला सांगितलेल्या हकिकतीच्या किंवा भावाकडे पाठवलेल्या निरोपाच्या रूपात येते. ओवीतील ‘मी’ नात्याच्या आधाराशिवाय क्वचितच उभा राहतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की ओवी ही मुळात समूहाची आहे. एकच ओवी पाठभेदांसह दहा गावांत आढळते. मग तिला व्यक्तिगत आवडीचा उद्गार कसे म्हणायचे? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर निवडीच्या संकल्पनेत सापडते. शेकडो ओव्या येत असलेली स्त्री त्या पहाटे कोणती ओवी गाते, कोणत्या ओवीनंतर कोणती जोडते, रिकाम्या जागी कोणाचे आणि कोणत्या गावाचे नाव घालते, हे सर्व तिच्या हातात असते. प्रत्यक्ष जगण्यात जी निवड तिला नाकारलेली आहे, ती ती शब्दांच्या क्षेत्रात करते. लघुनिबंधकार नवी आठवण सांगून व्यक्तिगत होतो. ओवी गाणारी स्त्री परंपरेने आलेल्या आठवणींतून आपली वेचून व्यक्तिगत होते. पहिल्या प्रकाराला आत्माविष्कार आणि दुसऱ्याला केवळ लोकपरंपरा म्हणणे, हा वाङ्मयीन निर्णय नसून सवयीचा भाग आहे.

५

या विवेचनाचा अर्थ लघुनिबंध खोटा आणि ओवी खरी, असा काढला जाऊ नये. प्रत्येक रूपाच्या आपापल्या मर्यादा आहेत. साक्षीच्या रूपात लिहिताना गतकाळ वर्तमान श्रद्धेच्या उजेडातच पाहावा लागतो. तीर्थयात्रांतील बालपणाविषयी रमाबाईंना वाटणारी ओढ आणि त्या यात्रा व्यर्थ होत्या हा त्यांचा निष्कर्ष, यांतील ताण त्यांच्या निवेदनात कायम राहतो. परंतु ओढीला स्वतंत्रपणे बोलण्याची मुभा तेथे नाही. मुक्तीत आलेल्या, तेथे खिळे जुळवून पाने छापणाऱ्या मुलींच्या आवडीनिवडी तर दुसऱ्याच्या वृत्तान्तातूनच हाती येतात. ओवीतही जे नात्याच्या चौकटीत मावत नाही, ते बोलले जाणे कठीण असते. आणि लघुनिबंधाने एक गोष्ट निश्चित साध्य केली आहे. कोणत्याही नात्याची वा श्रद्धेची ग्वाही न देता एखादी गोष्ट केवळ आपल्याला आवडते म्हणून सांगता यावी, हा माणसाचा हक्क त्याने मराठी गद्यात रुजवला. हा हक्क मूठभरांपुरता राहिला, हा दोष त्या हक्काचा नव्हे.

या तिन्ही रूपांना जोडणारी एक वाट मराठी ललितगद्यातच आढळते. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील शीर्षकलेखात निवेदिकेची ओळख अमक्याची मुलगी, अमक्याची सून, अमक्याची पत्नी अशी क्रमाने करून दिली जाते आणि त्यात काहीतरी उणे राहिल्याची जाणीव तिला होते. शेवटी रस्त्यातील मुलगा ‘कर्व्याची आई’ म्हणून तिला ओळखतो, तेव्हा ती ओळख पुरी होते. या लेखातील सूक्ष्म उपरोध आणि समाधान यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु त्याची रचना ओवीशी किती जवळची आहे, याकडे फारसे लक्ष वेधले गेलेले नाही. लघुनिबंधाच्या मोकळ्या ‘मी’ला येथे नात्यांच्या ओळीत उभे केले आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या लेखिकेने निवडीचे स्वातंत्र्य असतानाही नात्याचे नाव स्वीकारले. ते तिने पूर्ण गंभीरपणे स्वीकारले की हसत हसत, हे लेखाने मोकळे ठेवले आहे. १९५० नंतरच्या ललितनिबंधाला जे नवे वळण मिळाले, त्यामागे अशा नात्यांतून बोलणाऱ्या जुन्या उद्गारांचा वाटा किती आहे, हे तपासणे आवश्यक आहे. मोन्तेन्यपासून फडक्यांपर्यंत येणारी वंशावळ त्यासाठी अपुरी पडते.

६

वरील विवेचनातून एक निकष सुचवता येईल. दैनंदिन जीवनातील आवडी, नावडी आणि आठवणी यांविषयीच्या कोणत्याही लेखनाकडे पाहताना त्यात ‘स्व’ किती प्रकट झाला आहे, एवढेच न विचारता आणखी दोन प्रश्न विचारावेत. हे कोणाला सांगितले जात आहे? आणि सांगणाऱ्यापाशी निवड कितपत आहे, व ती कुठे आहे : जगण्यात, शब्दांत की दोन्हींत? हे प्रश्न लावल्यास गुज, साक्ष आणि ओवी ही एकाच वाङ्मयीन प्रश्नाची तीन उत्तरे ठरतात आणि त्यांतील एकाच्या मापाने इतरांना मोजण्याचे कारण उरत नाही.

या प्रश्नांना आज आणखी एक निकड आहे. गावोगावी विजेवरच्या पिठाच्या गिरण्या आल्यानंतर जाते घराच्या कोपऱ्यात गेले आणि समोर बसलेली बाईही उरली नाही. संकलनाच्या वेळी अनेक स्त्रियांनी आठवून, ध्वनिमुद्रणासाठी, परगावच्या अभ्यासकासमोर ओव्या गायल्या. म्हणजे ओवीचा श्रोता बदलला. गुज सांगण्याची जागा काही अंशी साक्षीने घेतली. दळण थांबल्यानंतर गायलेल्या ओवीत दळणाविषयीची नावड राहते की त्या काळाच्या आठवणीची गोडी तिच्यावर चढते, हे ठरवण्यासाठी संग्रहातील ओव्यांचे केवळ विषयवार वर्गीकरण उपयोगी पडणार नाही. त्या कोणापुढे, केव्हा, कोणत्या क्रमाने गायल्या गेल्या, याची नोंद वाचावी लागेल. ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतून मराठी विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी ज्यांनी जाते ओढले अशा आज्याही आहेत. त्यांना काय आवडत असे, हा प्रश्न अभ्यासाचा म्हणून विचारला गेला, तर ललितगद्याच्या इतिहासाचे एक प्रकरण नव्याने लिहावे लागेल.